घरी रेकॉर्ड केलेलं ऑर्केस्ट्रल अकूस्टिक रॉक गाणं: संयोजन आणि मिक्सिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे आकडे हवेत राहू नयेत म्हणून एकच गाणं डोळ्यांसमोर धरलं आहे. पट्टी पांढरी दोन, म्हणजे डी मेजर. गती मिनिटाला ७६ ठोके, ताल चार-चारचा. गायक, दोन अकूस्टिक गिटार, बेस, ड्रम्स किंवा कहोन (हातांनी वाजवायची लाकडी पेटी) आणि स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो ही गजाने वाजणारी वाद्यं. खोली १० बाय १२ फुटांची, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि एक कंडेन्सर माइक.

आधी रेकॉर्डिंग करायचं की आधी संयोजन ठरवायचं?

संयोजन. मिक्सिंगच्या नावाने केल्या जाणाऱ्या बहुतेक तक्रारी मुळात संयोजनाच्या असतात. दोन वाद्यांना एकाच वेळी एकाच सप्तकात एकच काम दिलं, तर कोणताही इक्यू (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारं साधन) त्यांचं भांडण मिटवत नाही.

कागदावर बार (इथे चार ठोक्यांचं एक आवर्तन) मोजून आराखडा काढा. उदाहरणार्थ: सुरुवात ४ बार, पहिलं कडवं १६, ध्रुवपद ८, दुसरं कडवं १६, ध्रुवपद ८, म्युझिक पीस ८, शेवटचं ध्रुवपद १२. एकूण ७२ बार. या गतीला एक बार साधारण ३.१६ सेकंदांचा होतो, म्हणजे गाणं ३ मिनिटं ४७ सेकंदांचं. आता प्रत्येक वाद्याची एक आडवी ओळ काढा आणि ते वाजत असेल तेवढेच चौकोन काळे करा. सगळा कागद काळा झाला असेल तर मिक्सला बसू नका, आधी खोडरबर घ्या. पहिल्या कडव्यात स्ट्रिंग्ज अजिबात नसाव्यात, किंवा शेवटच्या ४ बारांत एकटा चेलो असावा. तो आला हे ऐकणाऱ्याला कळायचं तर आधी तो नसायला हवा.

गिटार आणि स्ट्रिंग्ज एकत्र वाजल्या की सगळा लगदा का होतो?

नेहमीचा डी कॉर्ड उघड्या तारांवर धरला की चार सूर वाजतात: साधारण १४७, २२०, २९४ आणि ३७० हर्ट्झ. कीबोर्डवर मधल्या सप्तकात डी कॉर्ड दाबून स्ट्रिंग्जचा पॅच (वाद्याचा तयार आवाज) लावला की तेही सूर याच पट्ट्यात पडतात. गायकाचा आवाजही तिथेच. ऐकू काहीच नवीन येत नाही, फक्त जाडी वाढते.

उपाय असा की स्ट्रिंग्ज गिटारच्या दोन्ही बाजूंना ठेवायच्या. व्हायोलिन वर, साधारण ६०० ते ९०० हर्ट्झच्या सुरांवर; चेलो खाली, ७० ते १५० हर्ट्झवर; मधली खिडकी गिटार आणि गायकाला मोकळी. व्हायोला ध्रुवपदातच आणा. तिथे जाडी हवीच असते, आणि गायकही बहुधा वरच्या सुरांत गेलेला असतो.

दुसरी गोष्ट हालचालीची. गिटार सोळा-सोळाचा स्ट्रम मारत असेल तेव्हा स्ट्रिंग्जनी लांब सूर धरावेत. स्ट्रिंग्ज धावायला लागल्या की गिटारने बारला एक झंकार देऊन गप्प बसावं. दोघंही धावली तर ठेका कुणाचा हेच कळत नाही.

दुसऱ्या गिटारला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) सातव्या फ्रेटवर लावून जीच्या आकारात वाजवा. कॉर्ड डीचाच राहतो, पण वरच्या सप्तकात, आणि दोन गिटार एकमेकींवर चढत नाहीत. स्वस्तातला कॅपोही चालतो. लावल्यावर पुन्हा सुरात लावायला मात्र विसरू नका, सातव्या फ्रेटवर तारा हमखास चढतात.

स्ट्रिंग्ज लिहायच्या कशा? नोटेशन येत नाही.

सरगम येत असेल तर पुरे. चूक होते ती कीबोर्डवरचा अख्खा कॉर्ड उचलून पुढच्या कॉर्डवर ठेवण्यात. चारही सूर एकदम एकाच दिशेला उड्या मारतात आणि स्ट्रिंग्ज पेटीसारख्या वाजतात. त्यापेक्षा चार माणसं गात आहेत असं समजून चार स्वतंत्र ओळी बांधा.

कॉर्ड आहेत डी, ए, बी मायनर, जी. प्रत्येकी एक बार. सा म्हणजे पांढरी दोन. पहिलं व्हायोलिन तार सप्तकात: सा, रे, सा, सा. दुसरं मध्य सप्तकात: प, प, ध, ध. व्हायोला, तेही मध्यात: ग, रे, ग, म. चेलो मंद्र सा पासून खाली उतरत: सा, नी, ध, म. सगळे स्वर शुद्ध.

इथे एकट्या चेलोलाच खाली चाल आहे, बाकीचे जवळजवळ जागेवरच आहेत. चेलोने दुसऱ्या बारला प ऐवजी नी घेतला म्हणून ती उतरण सलग झाली. गिटार आणि बेस तेव्हा काय वाजवतात ते मात्र तपासा. बेसवादक मूळ सूर ए धरून बसला तर चेलोची उतरण खालून झाकली जाते. या बारला बेसलाही नी वर न्या, किंवा चेलो एक सप्तक वर घ्या. ही वरची रचना ध्रुवपदासाठी आहे. कडव्यात व्हायोला काढा आणि दुसरं व्हायोलिनही काढलंत तर उत्तम.

गायकाची ओळ चालू असताना व्हायोलिनला वेगळी चाल देऊ नका. तो श्वास घेतो त्या जागेत दोन-तीन सुरांचं उत्तर द्या. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबास्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस या गोव्याच्या संयोजकांनी हे काम अतिशय बारकाईने केलं आहे. त्यांच्या काळातलं कुठलंही मोठ्या वाद्यवृंदाचं गाणं घ्या, गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त व्हायोलिन कधी बोलतात आणि कधी गप्प बसतात एवढंच लिहून काढा.

किती वादकांची ऑर्केस्ट्रा दाखवायची?

वाटते त्यापेक्षा खूप लहान. १९६६ साली संगीत निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी बीटल्सच्या एका गाण्याला फक्त ८ तंतुवाद्यं दिली: ४ व्हायोलिन, २ व्हायोला, २ चेलो. माइकही अगदी जवळ लावले होते. अकूस्टिक गिटारच्या शेजारी ६० जणांचा आवाज ठेवला की गिटार खेळण्यातली वाटते. ८ ते १२ जणांचा आवाज देणारा पॅच निवडा, ‘चेंबर’ नावाने तो सापडतो.

आणखी एक खोच आहे. अनेक लायब्ररींत (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संग्रहांत) ‘व्हायोलिन’ हा पॅच म्हणजे अख्खा गट असतो. त्यावर तीन सुरांचा कॉर्ड दाबला की गट तिप्पट होतो आणि सूर घट्ट न होता पसरट होतो. एका पॅचला एकच सूर द्या.

लायब्ररीच्या स्ट्रिंग्ज खोट्या का वाटतात?

बहुतेकदा लायब्ररी वाईट नसते, तिच्यात जीव घातलेला नसतो. स्पिटफायरची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर ही विनामूल्य आवृत्ती घेतलीत तरी खालच्या चार गोष्टी केल्यावर घरगुती गाण्याला पुरते.

मॉड्युलेशन, म्हणजे सीसी १ (कीबोर्डवरच्या चाकाने वाजवताना बदलता येणारा आकडा, ० ते १२७), कधीही सरळ रेषेत ठेवू नका. लांब सूर ४५ वर सुरू करून मधे ८० पर्यंत चढवा आणि सोडताना ५० वर आणा. सीसी १ ने गजाचा जोर बदलतो, म्हणजे आवाजाचा रंगही बदलतो. सीसी ११ ने फक्त आवाज कमी-जास्त होतो. दोन्ही लागतात, पण मेहनत पहिल्यावर करा. चारही ओळींना एकच वक्ररेषा कॉपी करून चिकटवली तर कान ते लगेच पकडतो, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी वाजवून भरा.

मग उशीर. लेगाटो (सूर जोडून वाजवण्याच्या) पॅचमध्ये सूर उमलायला वेळ लागतो, काही लायब्ररींत १०० मिलिसेकंदांहून जास्त. नोट ग्रिडवर (पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेषांवर) बरोबर असते पण ऐकायला मागे पडते. ट्रॅकला उणे डिले द्या, म्हणजे तो तेवढे मिलिसेकंद आधी वाजेल: लेगाटोला उणे १०० पासून सुरुवात करून कानाने ठरवा, स्टकाटोला (तुटक सुरांना) उणे २० ते ४०. वाजवण्याच्या अशा वेगवेगळ्या पद्धतींना (आर्टिक्युलेशनना) वेगळे ट्रॅक दिले की हे सोपं जातं.

क्वांटाइझ, म्हणजे नोटा आपोआप ग्रिडवर बसवणं, शंभर टक्के करू नका. आणि शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त: वरच्या ओळीवर एक खरं व्हायोलिन ठेवा. लायब्ररीच्या ८ व्हायोलिनवर एकच खरं वाजलं तरी आठही खरी वाटू लागतात.

व्हायोलिनवादक हिंदुस्थानी शास्त्रीय शिकलेला आहे. चालेल का?

चालेल, पण त्याच्या पद्धतीने काम द्या. हिंदुस्थानी वादक तारा बहुधा सा आणि प यांवर लावतात, पाश्चात्त्य पद्धतीच्या जी-डी-ए-ई नाहीत. त्यामुळे स्टाफ नोटेशन पाठवून उपयोग नाही. सरगम लिहून द्या, शिवाय प्रत्येक ओळीचा कीबोर्डवर वाजवलेला नमुना द्या. सा पांढरी दोनचा आहे हे आधीच कळवा, म्हणजे तारा लावून येता येईल. तानपुरा ॲप किंवा पेटीवर लावणार असाल तर ते ए ४४० शी जुळतं का ते ट्यूनरवर बघा. जुनी पेटी थोडी वर-खाली असतेच आणि लायब्ररी तिच्यासाठी हलत नाही.

गटातल्या सुरांना मींड आणि गमक नको असं स्पष्ट सांगा. मींड म्युझिक पीसमध्ये एकट्या व्हायोलिनला द्या, तिथे ती सोन्यासारखी दिसते.

माइक वाद्याच्या वर ६० ते ९० सेंटिमीटरवर, गजाच्या रेषेपासून किंचित बाजूला. जवळ आणलात तर गजाचा खरखराट येतो. एकाच वादकाकडून गट बनवायचा तर तीन ते चार टेक पुरे. प्रत्येक टेकला त्याला खोलीत दोन पावलं सरकवा आणि माइकची दिशा बदला. एकाच जागेवरून आठ टेक घेतले तर आठ वादक ऐकू येत नाहीत, एकच वादक फेझरमधून (आवाज घुसळणाऱ्या इफेक्टमधून) ऐकू येतो.

गिटारसाठी माइक कुठे?

बाराव्या फ्रेटसमोर, २५ ते ३० सेंटिमीटरवर, तोंड मान आणि पोट जिथे जुळतं तिकडे. भोकासमोर नको. गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि भोकासमोर तेच सगळ्यात मोठं येतं. दोन गिटार हव्या असतील तर दोनदा वाजवा. एकच टेक कॉपी करून डावी-उजवीकडे टाकला तर तो मधोमधच ऐकू येतो, आणि एक बाजू २० मिलिसेकंद सरकवून मोनोमध्ये (दोन्ही बाजू एकत्र करून) ऐकलं की पोकळ होतो.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, गिटारचं लाकूड पाणी ओढून फुगतं, तारा उंच होतात आणि आवाज बसतो. गिटारच्या केसमध्ये सिलिका जेल ठेवा आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांवर राहील असं बघा. नव्या तारा रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी चढवा, त्याच दिवशी नको.

गाताना गिटार वाजवूनच रेकॉर्ड केलं तर भाव चांगला येतो. मग?

भाव येतो, पण गिटारच्या माइकमध्ये गळाही येतो. दोन माइकमधल्या ३४ सेंटिमीटर अंतराला आवाजाला एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यानेही काही फ्रिक्वेन्सी खाल्ल्या जातात आणि पुढे गायकाचा सूर दुरुस्त करायला गेलात की गिटारमधला जुना सूर मागून डोकावतो. स्ट्रिंग्ज चढवायच्या असतील तर वेगवेगळंच रेकॉर्ड करा. एकत्र वाजवलेला टेक गाइड म्हणून ठेवा.

खोली घुमते. फोम लावू का?

अंडी ठेवायचे ट्रे आणि एक इंची फोम फक्त वरचा चिवचिवाट कमी करतात. १० बाय १२ च्या खोलीची खरी अडचण खाली आहे: १० फुटांमुळे साधारण ५६ हर्ट्झ आणि १२ फुटांमुळे ४७ हर्ट्झ फुगतात. १०० मिलिमीटर जाडीचे रॉकवूलचे पॅनल कापडात गुंडाळून कोपऱ्यांत उभे करा, भिंतीपासून थोडी पोकळी सोडून. गाताना गायकाच्या पाठीमागे दोन जाड गोधड्या टांगा. माइक समोरचं ऐकतो, त्यामुळे पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज अडवणं जास्त महत्त्वाचं.

पंखा, रिक्षा, शेजारच्या कुकरची शिट्टी?

पंखा बंद, फ्रीजचा प्लग काढलेला (गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे नंतर तो चालू करायचं विसरत नाही), रेकॉर्डिंग रात्री अकरानंतर. शिट्टी आली तर टेक पुन्हा. सतत घुंऽऽ असा आवाज असेल तर तो विजेचा: आपल्याकडे ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीत १००, १५०. लॅपटॉप चार्जरवरून काढून बघा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा आहे, तो इक्यूने काढत बसू नका.

रेकॉर्डिंगची पातळी किती?

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा ठोका उणे १० डेसिबलच्या आसपास थांबावा. मीटर लाल व्हायच्या जवळ न्यायची सवय टेपच्या काळातली आहे, २४ बिटला तिची गरज नाही.

मिक्स कुठून सुरू करू?

गायक आणि मुख्य गिटार, एवढ्या दोघांपासून. फक्त फेडर (आवाजाची सरकपट्टी) वापरून गाणं उभं राहील असं करा. मग बेस, मग ठेका, स्ट्रिंग्ज सगळ्यात शेवटी. उलट केलंत, म्हणजे सुंदर स्ट्रिंग्जपासून सुरुवात केलीत, तर गायकाला पुढे जागाच उरत नाही. स्ट्रिंग्जचा फेडर हळूहळू वर न्या, त्या ‘ऐकू आल्या’ असं वाटलं की २ डेसिबल खाली घ्या. कडव्यात त्या म्यूट केल्यावरच जाणवाव्यात.

पॅनिंग करताना (वाद्यांची डावी-उजवी जागा ठरवताना) लायब्ररीला हात लावू नका. व्हायोलिन डावीकडे आणि चेलो उजवीकडे अशी बैठक बहुतेक लायब्ररींत आधीच रेकॉर्ड झालेली असते. त्यामुळे डावीकडची बाजू वरच्या सुरांनी जड होते. कॅपोची गिटार उजवीकडे ठेवा, तोल सावरतो.

इक्यूचे आकडे सांगाल का?

सुरुवातीचे म्हणून घ्या. सगळं वाजत असताना गिटारला १०० ते १२० हर्ट्झखाली कात्री, २०० ते २५० ला २-३ डेसिबल कमी. एकटी ऐकली तर ती बारीक वाटेल, वाटू द्या. पण गिटार एकटीच असलेल्या सुरुवातीच्या ४ बारांत ती कात्री ऑटोमेशनने (ठरावीक जागी आपोआप बदलणाऱ्या सेटिंगने) ७० वर आणा. व्हायोलिन कानाला टोचत असतील तर २.५ ते ४ किलोहर्ट्झच्या मधे २ डेसिबल कमी, गायकाचे शब्दही तिथेच कळतात. चेलोला ८० खाली कात्री, कारण तिथे बेस आणि किक आहेत. मंद्र सा खाली एका सप्तकाने नेलात तर तो ७३ हर्ट्झवर असतो. तो सूर चेलोलाच हवा असेल तर त्या जागी बेस काढा.

रिव्हर्ब (घुमारा) किती? सगळं दूर गेल्यासारखं वाटतं.

लायब्ररीत मोठ्या दालनाचा घुमारा आधीच असतो. त्यावर आणखी दालन चढवलं की स्ट्रिंग्ज पाठच्या गल्लीत जातात. उलट करा: घरच्या कोरड्या खोलीत रेकॉर्ड झालेल्या गायकाला आणि गिटारला त्या दालनात थोडं आणा. सेंडवर (सगळे ट्रॅक वाटून घेतात त्या इफेक्टच्या मार्गावर) एकच हॉल रिव्हर्ब, वेळ २ ते २.२ सेकंद, प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) ४० ते ५० मिलिसेकंद. या गतीला पाव ठोक्याचा पाव भाग ४९ मिलिसेकंदांचा येतो, म्हणून तो सोयीचा. रिव्हर्बच्या परतीच्या ट्रॅकला ३०० हर्ट्झखाली आणि ८ किलोहर्ट्झवर कात्री. स्ट्रिंग्जना त्या सेंडमध्ये जेमतेम चवीपुरतं. गिटारला वेगळा छोटा रूम, अर्ध्या सेकंदाचा. लायब्ररीत जवळच्या माइकचा पर्याय असेल तर तो वाढवा; डिस्कव्हरमध्ये एकच तयार मिक्स मिळतो, तिथे हे करता येत नाही.

कंप्रेसर (मोठे आवाज दाबणारं साधन)?

गायकाला ३:१, मोठ्या शब्दांवर ४ ते ६ डेसिबल दाब. गिटारला २-३. स्ट्रिंग्जना शक्यतो नाहीच, सीसी १ ने मेहनतीने घातलेला चढउतार कंप्रेसर सपाट करून टाकतो. फेडरचं ऑटोमेशन करा.

ध्रुवपद उठत नाही. ड्रम्स वाढवले, स्ट्रिंग्ज वाढवल्या, तरी नाही.

कारण कडवंच मोठं आहे. ध्रुवपदाच्या आधीच्या शेवटच्या बारात बेस आणि किक काढा, शेवटच्या दोन ठोक्यांवर गिटारही थांबवा. कडव्यातला ठेका कहोनवर ठेवा आणि ड्रम्सचा पूर्ण संच ध्रुवपदासाठी राखा. कडव्यात गिटार मधोमध एकच, ध्रुवपदात दोन्ही बाजूंना दोन. व्हायोलिन एक सप्तक वर. पहिल्या ध्रुवपदातच सगळा दारूगोळा उडवू नका. शेवटच्या १२ बारांसाठी एक तरी नवी गोष्ट शिल्लक हवी, मग ती दुसऱ्या आवाजाची साथ असो की फ्रेंच हॉर्नचा एक लांब सूर.

संगणक अडखळतो.

वाजवून भरताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो ते आवाजाचे नमुने) १२८, मिक्स करताना १०२४. झालेले स्ट्रिंग्जचे ट्रॅक ऑडिओमध्ये उतरवा आणि मूळ मिडी (वाजवलेल्या सुरांची नोंद) म्यूट करून ठेवा, पुसू नका.

स्पीकर नाहीत, हेडफोनवर मिक्स होईल?

होईल, पण दोन ठिकाणी फसवेल: रिव्हर्ब कमी पडेल किंवा जास्त होईल, आणि डावं-उजवं प्रत्यक्षापेक्षा लांब वाटेल. दर अर्ध्या तासाने मोनो करून फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे बेस जाईलच. पण चेलोची उतरण आणि गायकाचे शब्द राहायला हवेत. आवाज बारीक ठेवून ऐकणंही गरजेचं आहे. मोठ्या आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर जास्त भरतात आणि कुठलाही मिक्स छान वाटतो.

शेवटी आवाज किती ठेवू?

स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर उणे १४ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) धरतं, ॲपल म्युझिक उणे १६. यूट्यूब मोठं गाणं खाली आणतं, लहान गाणं वर उचलत नाही. या प्रकारच्या गाण्याला उणे १४ ते १२ दरम्यान ठेवा, ट्रू पीक (आवाजाचं खरं सर्वोच्च टोक) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. लिमिटर (टोकं अडवणारा कंप्रेसर) ३ डेसिबलपेक्षा जास्त काम करायला लागला की कडवं आणि ध्रुवपदातला फरक आधी जातो.

कोणत्या फाइल काढून ठेवू?

२४ बिट वेव्हमध्ये चार: पूर्ण मिक्स, गायक १ डेसिबल वर असलेला मिक्स, गायकाशिवाय, आणि फक्त स्ट्रिंग्ज. सगळ्या पहिल्या बारापासून सुरू होणाऱ्या आणि सारख्याच लांबीच्या. शेवटच्या रिव्हर्बसाठी ४ सेकंद जास्त सोडा, नाहीतर शेपूट कापली जाते.